काळी पडणारी बाटली: पाण्यातले जिवाणू कोणी मोजायचे?

कार्यक्रमपत्रिकेत आजच्या विषयाचं नाव ‘लोकांचं जिवाणूविज्ञान’ असं छापलंय. जरा भारदस्तच झालंय ते. प्रत्यक्षात मी मुख्यतः दोन गोष्टींबद्दल बोलणार आहे: एक बाटली आणि एक घाट. बाटली ग्वाल्हेरची, घाट काशीचा. दोन्हींची सुरुवात १९८२ सालची. एकाची खबर दुसऱ्याला असण्याचं काही कारण नव्हतं. पण दोन्हींच्या पोटात प्रश्न एकच होता. पाण्यात मैला मिसळलाय की नाही, हे सांगायचं कोणी? आणि सांगितलं तर ते कोणी मानायचं?

आधी बाटली. टेबलावर ठेवलीय ती मागच्या रांगेतून दिसणार नाही, म्हणून वर्णन करते. खोकल्याच्या औषधाची छोटी बाटली असते ना, तेवढीच. आत वाळलेल्या कागदाची घडी. बाहेर २० मिलिलिटरची खूण. विहिरीचं, हापशाचं, नळाचं पाणी खुणेपर्यंत भरायचं, झाकण घट्ट लावायचं आणि ऊबदार जागी ठेवून द्यायची. मूळ लेखात वेळ दिली होती १२ ते १८ तास. म्हणजे संध्याकाळी भरली तर दुसऱ्या दिवशी सकाळी-दुपारी निकाल. पाणी होतं तसं राहिलं तर एक गोष्ट. शाई ओतल्यासारखं काळं झालं, तर ते पाणी विष्ठेने दूषित असण्याची दाट शंका. वीज नको, सूक्ष्मदर्शक नको, पदवी नको. डोळे हवेत फक्त.

हा लेख जागतिक आरोग्य संघटनेच्या बुलेटिनमध्ये आला. पाचच पानांचा. लेखक तिघे: के. एस. मांजा, एम. एस. मौर्य आणि के. एम. राव, ग्वाल्हेरच्या संरक्षण संशोधन संस्थेतले. संरक्षण संस्थेला पिण्याच्या पाण्यात रस का, असं वाटेल. पण सैन्याची तुकडी डोंगरात, वाळवंटात जाते, मिळेल ते पाणी पिते, आणि तिच्यासोबत प्रयोगशाळा जात नाही. खेड्याचंही तसंच. एवढ्या पुरतं सैन्य आणि खेडं यांच्यात काही फरक नाही.

या बाटलीचं महत्त्व कळायला शंभर वर्षं मागे जावं लागतं. जिवाणू मोजण्याचं काम प्रयोगशाळेच्या चार भिंतींत कसं गेलं, ते पाहायला हवं. गंमत अशी की त्यातली एक महत्त्वाची वस्तू स्वयंपाकघरातून आली होती. रॉबर्ट कॉख जिलेटिनवर जिवाणू वाढवायचे. उन्हाळ्यात ते वितळायचं. १८८१च्या सुमारास त्यांच्या प्रयोगशाळेत वॉल्टर हेसे नावाचे गृहस्थ काम करत होते. त्यांची पत्नी फॅनी हेसे घरी जेली घट्ट व्हावी म्हणून समुद्रशेवाळापासून केलेलं अगार वापरायची. तिने ते सुचवलं. कॉख यांनी १८८२च्या क्षयरोगावरच्या लेखात अगारचा उल्लेख केला, फॅनीबाईंचा नाही. असो. आज जगातल्या प्रत्येक सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत अगार आहे.

१८८५ साली थिओडोर एश्चेरिक यांनी तान्ह्या बाळांच्या विष्ठेत एक जिवाणू पाहिला. तोच पुढे त्यांच्या नावाने ई. कोलाय म्हणून ओळखला जाऊ लागला. आणि १८९०च्या दशकात एक फार शहाणपणाची कल्पना पुढे आली. पाण्यात कॉलऱ्याचा किंवा विषमज्वराचा जंतू शोधत बसू नका, तो कधी सापडेल, कधी नाही. त्याऐवजी माणसाच्या आतड्यात हमखास, भरपूर राहणारा हा निरुपद्रवी कोलाय शोधा. तो पाण्यात सापडला म्हणजे मैला पाण्यापर्यंत पोचलाय. आणि मैला पोचला, तर रोगही त्याच वाटेने पोचू शकतो. चोर हाती लागत नसेल तर पावलांचे ठसे शोधायचे, तसं. या पावलाच्या ठशाला शास्त्रात ‘निर्देशक’ म्हणतात. पाण्याच्या तपासणीचा सव्वाशे वर्षांचा डोलारा या एका कल्पनेवर उभा आहे.

ठसे ओळखायची तंत्रं मग पक्की होत गेली. १९०५ साली मॅकाँकी यांनी पित्तक्षार आणि दुधातली साखर घातलेलं माध्यम मांडलं; आपल्याकडच्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये आजही त्याच्या बशा दिसतील. विष्ठेतले कोलिफॉर्म वेगळे ओळखायला ४४.५ अंश सेल्सिअस तापमान, तेही काटेकोर. नमुना निर्जंतुक बाटलीत घ्यायचा, बर्फात ठेवायचा, काही तासांत आणि फार तर २४ तासांच्या आत प्रयोगशाळेत पोचवायचा. मग माध्यमात ४८ तासांपर्यंत उबवायचा, मग खात्रीची चाचणी.

यातली प्रत्येक पायरी शास्त्रीय दृष्ट्या बरोबर आहे. आता हीच पायरी आषाढात एखाद्या डोंगराळ तालुक्यात नेऊन बघा. विहिरीत पावसाचं गढूळ पाणी उतरलंय. वाडीत दोन मुलांना जुलाब सुरू झालेत. नमुना बर्फात घालून जिल्ह्याच्या गावी जायचा, रस्ता बंद नसेल तर. तिथे रांग असणार. निकाल पोस्टाने किंवा कोणाच्या तरी हाताने परत यायचा. तो यायच्या आत गॅस्ट्रोची साथ येऊन गेलेली. वरातीमागून घोडं! आणि कागदावर निकाल अगदी अचूक.

मांजा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अचूकता थोडी सोडली आणि वेळ पकडली. माझ्या मते या लेखाचं ऐतिहासिक मोल इथे आहे.

त्यांनी केलं काय, ते सांगते, कारण रसायन सुरेख आहे. कागदावर पाच गोष्टी मुरवलेल्या असतात. पेप्टोन, म्हणजे जिवाणूंचं जेवण. एक फॉस्फेट, आम्लता सांभाळायला. सोडियम थायोसल्फेट, यात गंधक असतं. फेरिक अमोनियम सायट्रेट, यात लोह असतं. आणि पाचवी गोष्ट टीपॉल, म्हणजे चक्क धुण्याचा द्रव साबण! आतड्यातल्या जिवाणूंना तो सहन होतो, इतर बऱ्याच जिवाणूंना होत नाही. विष्ठेतून आलेले काही जिवाणू थायोसल्फेटमधल्या गंधकापासून हायड्रोजन सल्फाइड वायू तयार करतात. तो लोहाला भेटला की लोह सल्फाइड होतं, आणि ते काळंकुट्ट असतं. तुम्ही हे घरी पाहिलंय. अंडं जास्त वेळ उकडलं की बलकाभोवती हिरवट-काळसर कडं येतं. तेही लोह सल्फाइडच. थायोसल्फेटचा आणखी एक फायदा असा, की पाण्यात उरलेलं क्लोरीन ते निष्प्रभ करतं. नाहीतर क्लोरीन बाटलीतही जिवाणू मारत राहिलं असतं आणि आपण भलताच निकाल वाचला असता.

आता यातली खोच. ज्या ई. कोलायवर सगळं शास्त्र उभं, तो सहसा हायड्रोजन सल्फाइड तयारच करत नाही. बाटली काळी करतात सिट्रोबॅक्टर, साल्मोनेला, प्रोटियस, क्लॉस्ट्रिडियम अशी मंडळी. म्हणजे मान्यताप्राप्त ठसा एकाचा आणि बाटली दाखवते दुसऱ्याचा. दोघे बहुतेक वेळा एकाच वाटेने येतात, एवढ्यावर सगळी भिस्त. साहजिकच प्रयोगशाळांतल्या लोकांनी भुवया उंचावल्या. पुढची दोन दशकं अनेक देशांत या बाटलीची प्रमाणित पद्धतींशी तुलना होत राहिली. आयआयटी कानपूरमध्ये वेंकोबाचार आणि सहकाऱ्यांनी माध्यमात सिस्टीन हे गंधकयुक्त अमिनो आम्ल घालून ती सुधारली. शेवटी २००२ साली जागतिक आरोग्य संघटनेने मार्क सोब्सी आणि फ्रेडरिक फेंडर यांच्याकडून सगळ्या पुराव्याचा आढावा घेतला. त्याचा सूर असा होता: चांगल्या निर्देशकाच्या काही अटी ही चाचणी पुऱ्या करते, काही करत नाही. प्रमाणित चाचणीला सरसकट पर्याय म्हणून हिची शिफारस करता येत नाही. पण जिथे दुसरं काही शक्यच नाही, तिथे हिला जागा आहे.

काही जण म्हणतील, हा शहरी शास्त्रज्ञांचा नेहमीचा नाक मुरडण्याचा प्रकार. मला तसं वाटत नाही. लोकांच्या हातातल्या साधनांबद्दल बोलताना आपण भावुक होतो, आणि मग साधनाच्या चुका मोजायच्या राहून जातात. या बाटलीच्या चुका दोन प्रकारच्या आहेत. पहिली, वाईट पाण्याला चांगलं म्हणणं. बाटलीत २० मिलिलिटरच पाणी मावतं, प्रमाणित चाचणीत १०० तपासतात; थोडं दूषित पाणी निसटू शकतं. दुसरी, चांगल्या पाण्याला वाईट म्हणणं. जमिनीखालच्या पाण्यात सल्फेटपासून सल्फाइड बनवणारे जिवाणू असतात, त्यांचा विष्ठेशी काही संबंध नाही. कुठे पाण्यातच नैसर्गिक सल्फाइड असतं. त्या बोअरच्या पाण्याला कुजक्या अंड्यासारखा वास येतो. तिथे बाटली काळी पडणारच.

आता, ‘उगाच घाबरवलं तर बिघडलं काय, सावध राहतील’ असं म्हणायचा मोह होतो. बिघडतं. समजा बोअरचं पाणी चांगलं आहे पण गंधकाचं आहे. बाटली काळी पडली, लोकांनी बोअर सोडला आणि पुन्हा जुन्या उघड्या विहिरीवर गेले. एका चुकीच्या काळ्या बाटलीने अख्खी वस्ती वाईट पाण्यावर ढकलली. म्हणून बाटलीच्या जोडीला डोळ्यांनी केलेली पाहणी लागतेच: विहिरीला कठडा आहे का, हापशाचा ओटा फुटलाय का, शौचखड्डा किती अंतरावर, वर आहे की खाली. पाहणी आणि बाटली एकच बोलत असतील तर विश्वास ठेवायला हरकत नाही. दोघी वेगवेगळं बोलत असतील, तर प्रयोगशाळेत नमुना पाठवायची तीच वेळ.

ग्वाल्हेर इथे सोडू. चला काशीला.

काशीच्या तुलसी घाटावर संकटमोचन मंदिराचे महंत राहत, वीरभद्र मिश्र. लहान वयात महंतपद आलं. आणि त्याच वेळी हे गृहस्थ बनारस हिंदू विद्यापीठाच्या तंत्रज्ञान संस्थेत जलअभियांत्रिकीचे प्राध्यापक होते, पुढे स्थापत्य विभागाचे प्रमुख. पहाटे गंगेत बुडी, दिवसा द्रवाच्या प्रवाहाची समीकरणं. १९८२ साली त्यांनी सहकाऱ्यांसोबत संकटमोचन फाउंडेशन काढलं आणि स्वच्छ गंगा अभियान सुरू केलं. चार वर्षांनी, जून १९८६मध्ये, पंतप्रधान राजीव गांधींनी काशीतूनच गंगा कृती योजनेची घोषणा केली. सुरुवातीला मिश्रांना आनंदच झाला असणार. मागणी तीच तर होती.

मग यंत्रं आली. दीनापूरला दिवसाला आठ कोटी लिटर सांडपाणी शुद्ध करणारं केंद्र उभं राहिलं. पद्धत सक्रिय गाळाची. पाण्यात हवा फुगवायची, जिवाणूंकडूनच घाण खाववायची, गाळ खाली बसवायचा. सरकारी अहवालांत यशाचं मोजमाप होतं प्रामुख्याने बीओडी, म्हणजे पाण्यातली घाण कुजताना किती ऑक्सिजन खाते त्याचा आकडा. बीओडी उतरला, योजना यशस्वी.

इथे थांबा, कारण सगळा वाद या एका आकड्यात आहे. बीओडी हा माशाच्या बाजूने पाहिलेला आकडा आहे. ऑक्सिजन कमी पडला की मासा मरतो. पण घाटावर बुडी मारणाऱ्या, आचमन करणाऱ्या माणसाला ऑक्सिजन हवेतून मिळतोच की! त्याला धोका आहे तो तोंडात जाणाऱ्या जिवाणूंचा. त्याच्या बाजूने पाहायचं तर मोजायला हवेत विष्ठेतले कोलिफॉर्म. आणि सक्रिय गाळाची ती केंद्रं जिवाणू मारण्यासाठी बांधलेलीच नव्हती.

थोडा हिशेब करू, शाळेतला. कच्च्या सांडपाण्यात १०० मिलिलिटरमागे कोलिफॉर्म साधारण एक कोटीच्या घरात असतात. केंद्राने त्यातले नव्वद टक्के काढले. परीक्षेत नव्वद टक्के म्हणजे आपण पेढे वाटतो. इथे उरले किती? दहा लाख. बरं, नव्व्याण्णव टक्के काढले. उरले एक लाख. आणि आंघोळीच्या पाण्यासाठी आपल्या देशातलं मानक काय? १०० मिलिलिटरला ५०० असावेत, फार तर २,५००. जिवाणूंच्या हिशेबात टक्केवारी फसवी असते. शेवटी शून्यं किती उरली ते बघायचं. बीओडीच्या तक्त्यात उत्तम गुण मिळवलेलं केंद्र कोलिफॉर्मच्या तक्त्यात सपशेल नापास होऊ शकतं, आणि दोन्ही तक्ते खरे असतात.

शिवाय हे सारं विजेवर. काशीत वीज जायची. पंप बंद पडले की सांडपाणी केंद्राकडे चढायचंच नाही, सरळ नदीत जायचं. नमुना वीज असताना घेतला की निकाल वेगळा, वीज नसताना घेतला की वेगळा.

मिश्रांनी भाषणं केली, पत्रं लिहिली, पण त्यांनी केलेली महत्त्वाची गोष्ट म्हणजे तुलसी घाटावर स्वतःची प्रयोगशाळा. १९९०च्या दशकात ती सुरू झाली. वेगवेगळ्या घाटांवरून ठरावीक काळाने नमुने घ्यायचे, कोलिफॉर्म मोजायचे, नोंदवायचे. वरुणा नदी गंगेला मिळते त्या बाजूला आकडे लाखांत जायचे. सरकारकडे बीओडीचे आकडे होते, यांच्याकडे कोलिफॉर्मचे. इथे ग्वाल्हेरच्या बाटलीने भागलं नसतं, हे लक्षात घ्या. बाटली फक्त हो की नाही सांगते, आणि काशीच्या घाटावर ती रोज काळीच पडली असती. तिथे भांडण आकड्याचं होतं, म्हणून तिथे प्रमाणित पद्धत आणि शिस्तीची प्रयोगशाळा लागली. साधन वेगळं, कारण प्रतिपक्ष वेगळा. विहिरीवर आपला झगडा वेळेशी असतो. नदीवर तो कार्यालयाशी असतो, आणि कार्यालय नेहमी पहिला प्रश्न विचारतं, ‘तुमची पद्धत कोणती?’

मिश्रांची आणखी एक अडचण होती, आणि ती आपल्याला मराठीतही नीट कळेल. गंगा घाण आहे असं भाविकाला सांगायचं कसं? ती तर पावन करणारी. पवित्र आणि स्वच्छ हे दोन शब्द आपण एकाच श्वासात उच्चारतो, पण ते एक नाहीत. सोवळ्यातलं पाणी दूषित असू शकतं. महंत म्हणून मिश्रांना नदीचं पावित्र्य शंकेच्या पलीकडचं होतं. अभियंता म्हणून कोलिफॉर्मचा आकडाही शंकेच्या पलीकडचा. त्यांनी दोन्ही धरून ठेवले आणि बुडी मारणं थांबवलं नाही. मला वाटतं म्हणूनच त्यांना बीओडीपेक्षा कोलिफॉर्म जवळचा वाटला. ते पाणी त्यांच्या स्वतःच्या तोंडात जात होतं.

‘पण गंगेचं पाणी स्वतःच जंतू मारतं’ हा मुद्दा इथे कोणी ना कोणी काढतंच. (हशा) तुम्ही हसलात म्हणजे ऐकलेलं दिसतंय. त्याला आधार आहे. आग्ऱ्याला अर्नेस्ट हॅन्किन नावाचे सरकारी रसायन परीक्षक होते. कॉलऱ्यात विहिरींत पोटॅशियम परमँगनेट टाकण्याचा प्रसार करणारे ते हेच. १८९६ साली त्यांनी पाश्चर संस्थेच्या नियतकालिकात लिहिलं की गंगा-यमुनेच्या न उकळलेल्या पाण्यात कॉलऱ्याचे जंतू काही तासांत मरतात, उकळलं की तो गुण जातो. पुढे त्याचा संबंध जिवाणूंना खाणाऱ्या विषाणूंशी जोडला गेला. निरीक्षण खरं आणि मोलाचं. पण ते कॉलऱ्याच्या जंतूबद्दल होतं, आणि एकोणिसाव्या शतकातल्या नदीबद्दल. नाल्याच्या तोंडाशी लाखांनी येणाऱ्या कोलिफॉर्मची वाट लावायला ते पुरत नाही. घाटावरचे आकडेच ते सांगत होते.

मिश्रांचा पर्यायी प्रस्तावही होता: काठाने सांडपाणी उताराने वाहून न्यायचं आणि कॅलिफोर्नियातले विल्यम ऑस्वाल्ड यांच्या पद्धतीने तळ्यांच्या मालिकेत शेवाळ आणि सूर्यप्रकाशाच्या भरवशावर शुद्ध करायचं. वीज जवळजवळ नको, आणि उन्हात बराच काळ राहिल्याने जिवाणू मरतात. प्रस्ताव वर्षानुवर्षं फायलींत फिरला. १९९९ साली ‘टाइम’ साप्ताहिकाने त्यांचा गौरव केला. मार्च २०१३मध्ये ते गेले, तोवर ती तळी झाली नव्हती.

म्हणजे हरले का? तळ्यांपुरतं, हो. पण आकड्यापुरतं नाही. २०२५च्या फेब्रुवारीत प्रयागराजच्या महाकुंभावेळी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने राष्ट्रीय हरित लवादाला अहवाल दिला, तो विष्ठेतले कोलिफॉर्म आंघोळीच्या मानकापेक्षा जास्त असल्याचा होता. राज्य सरकारने तो नाकारला, पाणी आंघोळीलाच काय, आचमनालाही योग्य आहे असं मुख्यमंत्र्यांनी सांगितलं. वाद तोच, काशीतला. पण जो आकडा एकेकाळी घाटावरच्या महंताने मांडावा लागायचा, तो आता केंद्राचं मंडळ मांडत होतं.

असंच काहीसं इंग्लंडमध्ये घडलं, थोडक्यात सांगते. यॉर्कशरमधल्या इल्कली गावात व्हार्फ नदीत पोहणाऱ्यांनी २०१९पासून नदीतल्या ई. कोलायच्या तपासण्या करून घेतल्या. डोकं लावलं ते असं, की ते आकडे घेऊन त्यांनी नदीच्या त्या भागाला कायदेशीर ‘स्नानजल’ दर्जा मागितला. डिसेंबर २०२०मध्ये तो मिळाला, इंग्लंडमधल्या नदीला पहिल्यांदाच. एकदा दर्जा मिळाला की सरकारी यंत्रणेला पोहण्याच्या हंगामात नियमित तपासणी करणं बंधनकारक. २०२१ साली पहिला शेरा आला, ‘वाईट’. नदी लगेच सुधारली नाही. पण मोजण्याचा भार लोकांच्या खांद्यावरून उतरला.

आता आपल्याकडे, महाराष्ट्रात. विहिरीत टीसीएल पावडर टाकणारा ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक तुम्हाला माहीत आहे. नळाच्या पाण्यात दोन थेंब टाकून पिवळा रंग येतो का पाहायची ओटी टेस्टही खेड्यात वाढलेल्यांनी पाहिली असेल. पाण्यात क्लोरीन उरलंय का, हे ती क्षणात सांगते. पावसाळ्याआधी आणि नंतर स्रोतांची पाहणी होते, आणि ग्रामपंचायतीला लाल, पिवळं किंवा हिरवं कार्ड मिळतं. मघाशी म्हटलं ती डोळ्यांची पाहणी, तीच ही. या कार्डाचा गुण असा, की लाल रंग गावात सगळ्यांना कळतो. अहवाल कपाटात जातो, रंग चावडीवर येतो.

त्यात २०१९च्या जल जीवन मिशनने एक भर घातली. प्रत्येक गावात पाच जणांना, शक्यतो महिलांना, पाणी तपासायचं प्रशिक्षण द्यायचं आणि तपासणी संच हातात द्यायचा. रसायनांसाठी वेगवेगळ्या कुप्या, आणि जिवाणूंसाठी आपली तीच हायड्रोजन सल्फाइडची बाटली. ग्वाल्हेरच्या पाच पानांनी चार दशकांत एवढा प्रवास केला. निकाल पोर्टलवर भरायचा. शिवाय सरकारी प्रयोगशाळा सामान्य माणसाला माफक शुल्कात खुल्या केल्या. कल्पना उत्तम आहे, मी मनापासून म्हणते.

पण बघा, तपासणारी बाई त्याच गावातली. पाणी ग्रामपंचायतीचं. बाटली काळी पडली, म्हणजे तिने सरपंचांच्या, ग्रामसेवकाच्या, कदाचित स्वतःच्या दिराच्या कामात खोट काढली. तिच्या हातात बाटली देताना आपण तिला रसायन शिकवलं, तारीख-वेळ लिहायला शिकवलं. निकाल वाईट आला तर किती दिवसांत कोणी काय करायचं, हे भिंतीवर लिहिलेलं असेल तर तिच्या बोलण्याला वजन येतं. नसेल, तर पुढच्या वेळी पोर्टलवर सगळ्या बाटल्या स्वच्छ निघू लागतात. काशीच्या महंतांमागे मंदिर होतं, विद्यापीठ होतं. हिच्यामागे कोण आहे, हा प्रश्न बाटलीच्या अचूकतेपेक्षा मला मोठा वाटतो.

आणि शहराने हे खेड्याचं प्रकरण समजू नये. २०२५च्या जानेवारीत पुण्यात सिंहगड रस्ता, नांदेड, किरकटवाडी, धायरी या भागात गीयाँ-बारे सिंड्रोमचे रुग्ण वाढले. काही रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पायलोबॅक्टर जेजुनाय हा जिवाणू सापडला, आणि बोट पाण्याकडे गेलं. त्या दिवसांत ‘घरच्या घरी तपासायची बाटली कुठे मिळते?’ असं अनेकांनी विचारलं. लक्षात ठेवा, कॅम्पायलोबॅक्टर ही बाटली ओळखण्याच्या भानगडीत पडत नाही. विषाणू ती पाहत नाही. आर्सेनिक, फ्लोराइड यांच्याशी तिचा संबंध नाही. ती मैल्याच्या वाटेची खूण दाखवते, तेवढंच. काळी पडली तर तो इशारा. काळी पडली नाही, तर ते प्रमाणपत्र नव्हे.

वेळ होत आलीय. एक चिठ्ठी आलीय, तेवढ्याचं उत्तर देते. ‘बाटली काळी पडली, तर पहिल्यांदा काय करायचं?’ त्याच जागेवरून दुसरी बाटली भरा, आणि शक्य असेल तर एक टाकीतून, एक नळातून, म्हणजे पाणी कुठे बिघडतंय ते कळेल. तोवर पाणी उकळून प्या. क्लोरीन तपासा; नळाच्या टोकाला लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम मोकळं क्लोरीन असायला हवं. बाटलीवर जागा, तारीख, भरल्याची वेळ आणि काळी पडल्याची वेळ लिहून फोटो काढा. ग्रामपंचायतीला किंवा पालिकेला तोंडी सांगू नका, लेखी द्या आणि पोच घ्या. आणि ती काळी बाटली मुलांच्या हाती लागू देऊ नका, कचऱ्यात तशीच फेकू नका. आत जंतूंची चांगली वाढ झालेली असते. झाकण उघडून चमचाभर ब्लीचिंग पावडर घालायची, थोडा वेळ ठेवायचं, मगच ओतून द्यायचं. विहिरीपासून लांब.